शाबूत सूत

सूत शाबूत होतं.

पहिल्या झाडाला पाहिलं तेव्हा वाटलं, असतं एखादं झाड हट्टी. दुसऱ्याला पाहिलं. तिसऱ्याला हात लावून पाहिलं, कारण डोळ्यांवर विश्वास बसेना. वैशाखात, आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी मी स्वतः मेण चोपडून बांधलेलं दोनपदरी सूत झाडाच्या अंगावर जसंच्या तसं होतं. नुसतं होतं असंही नाही, ढिलं पडलं होतं. मध्ये बोट घातलं तर बोट गेलं. पावसाळा पिऊन झाडानं अंग धरायचं, तर याचं अंग उतरलं होतं.

दसऱ्याचा आदला दिवस होता तो. ऊन असं, की भर आश्विनात चैत्र वाटावा. पाचही झाडं फिरून मी मधल्या झाडाला पाठ टेकून उभी राहिले. तोंडातली मिश्री थुंकायची राहिली तेही कळलं नाही.

हे सूत काय ते आधी सांगते, नाहीतर शहाणी माणसं म्हणतील, म्हातारी दोऱ्याचं काय घेऊन बसली. आमचं दरेघोळ घाटमाथ्याच्या उतरणीला चिकटलेलं गाव, उंबरा सव्वीस. पंचांग भटजी वाचतो, पण आमचं वर्ष झाडं सांगतात. आखितीला प्रत्येक रानातली पाच झाडं निवडायची आणि त्यांच्या बुंध्याला कमरेच्या उंचीवर सूत तट्ट बांधायचं. पाऊस संपला की दसऱ्याला सगळ्या गावानं जाऊन बघायचं. झाड वाढलं असेल तर सूत तुटतं. पाचातली तीन तुटली की रानाचं पोट भरलं. मग त्याचा पाला काढा, गुरं सोडा, पायथ्याला राब भाजा. पण सूत शाबूत निघालं तर रान तहानलेलं. पुढच्या आखितीपर्यंत त्याच्या पायथ्याला जाळ करायचा नाही. विडीसुद्धा नाही, मग राब लांबच. राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर शेण-पालापाचोळा अंथरून भाजतात ते. राब नाही तर जोमाचं रोप नाही, रोप नाही तर भात नाही. ज्याची खाचरं तहानलेल्या रानाखाली, त्यानं पाला डोक्यावर वाहून दुसरीकडे राब करायचा. त्रासाचं काम. पण सुताचा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता.

आणि सूत बांधायचा मान संकपाळांच्या थोरल्या सुनेचा. म्हणजे माझा. इठाबाई संकपाळ म्हटलं की ग्रामसेवक खुर्चीतून उठायचा. फुशारकी नाही, तसं होतं.

ओढ्याच्या पलीकडे वाघजाईची राई. तिच्यात काय नाही ते विचारा. जांभूळ, हिरडा, अंजन, ऐन, किंजळ, उंबर, आणि नाव नसलेली सतरा झुडपं. एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात. ओढ्याच्या अलीकडे माझं रान. सरकारी साहेबानं रोपं दिली तेव्हा विचारलं होतं, "बाई, किती जातींची पाहिजेत?" मी म्हटलं, "एकच द्या. सिल्वर." सिल्वर ओक म्हणतात ते झाड. सरळसोट, शिस्तीचं, पान पालथं केलं की चांदीसारखं. महाबळेश्वराकडे रस्त्याच्या कडेला पाहिलेलं होतं आणि मनात भरलेलं होतं. तीन हजार रोपं मी बायकांकडून लावून घेतली. उन्हाळ्यात हंड्यानं पाणी घातलं. पंधरा वर्षांत त्यांचे खांब झाले. वाऱ्यावर पान उलटलं की सगळा डोंगर चकाकायचा. लांबच्या गावांतून माणसं बघायला यायची.

एकटी सगुणा बोलली होती. सगुणा माझी धाकटी जाऊ. दीर मुंबईला असायचा, ती इथं. रोपं लावताना खड्ड्यातून मान वर करून म्हणाली होती, "आक्का, समदं रान एकाच जातीचं म्हंजे समद्या लेकी एकाच घरात दिल्यासारखं. त्या घरात साथ आली तर एका दिवशी समद्या रंडक्या."

"तुला लेकी नाहीत, तू कशाला काळजी करतीस?" मी म्हटलं होतं. हे मला बोलायला नको होतं. ती पुन्हा खड्डा खणायला लागली.

तर त्या दिवशी झाडाला टेकून उभी होते तेव्हा मला दिसत होतं ते एवढंच. उद्या गाव येणार. शेजारची दोन गावं येणार, कारण त्यांनाही वरच्या पठारावर असंच रान लावायचं होतं आणि त्यांना ते दाखवायचं मीच कबूल केलं होतं. धोंडू गुरव सगळ्यांसमोर ओरडणार, "शाबूत." पाच वेळा. आणि सगुणा काही बोलणार नाही. ती नुसती उभी राहणार. त्या नुसतं उभं राहण्याचीच मला धास्ती होती.

पाऊस तरी कसा पडला होता त्या वर्षी. मृग कोरडा. आषाढात चार दिवस असा कोसळला की खाचरांचे बांध वाहून गेले, आणि मग गेला तो गेलाच. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ असतो. त्या वर्षी उन्हानंच एकट्यानं खेळून घेतलं. पाऊस मोजणारा सरकारी माणूस म्हणाला, पाऊस नेहमीएवढाच झालाय. झाला असेल. ताटभर जेवण एका घासात कोंबलं तर अंगी लागतं का?

मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. सुताला लोखंड लावायचं नाही असा नेम, म्हणून कोयता आणला नव्हता. वाकले आणि पहिलं सूत दातानं तोडलं.

पहिल्याला तीनदा मागे वळून पाहिलं. पाचव्याला एकदाही नाही. माणूस किती लवकर शिकतं बघा.

ओढ्यावर सगुणा भेटली. धुण्याची पाटी डोक्यावर.

"आक्का, आजच रानात? दसरा उद्या हाय नव्हं?"

"माझं रान हाय. तुझा परवाना काढायला पाहिजे काय?"

"तसं न्हाई. एकट्या गेलात म्हनून म्हनलं."

"एकटीच लावलं, एकटीच जाईन."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी पदरानं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. आधी राई. धोंडू गुरव पुढे, त्याच्यामागे मी, मागे बाकीचे. त्याचा आवाज म्हणजे फुटका ढोल, पण खणखणीत. "जांभूळ, तुटलं. ऐन, तुटलं. हिरडा, तुटलं. अंजन..." तो थांबला. "अंजन शाबूत. उंबर, तुटलं."

"अंजन कवा घाई करतं का," कुणी तरी म्हणालं. लोक हसले. चार तुटली, राईचं पोट भरलं.

मग माझं रान. पाचही झाडांखाली सूत पडलेलं. पाच वेळा "तुटलं" झालं आणि शेजारगावचे लोक माना हलवायला लागले. त्यांच्यातल्या एकानं मला हात जोडले. मी ते घेतले. लाज वाटली का? खरं सांगायचं तर त्या घटकेला नाही वाटली. त्या घटकेला मला वाटलं, झाडंच तोडणार होती, मी जरा आधी तोडलं.

सूत पायदळी यायला नको म्हणून नेहमीप्रमाणे धाकट्या सुनेनं ते गोळा करायचं असतं, मग ओढ्यात सोडायचं. सगुणानं पाच तुकडे वेचले. पाचव्याला जरा जास्त वेळ वाकून होती. मग पदराच्या टोकाला गाठ मारली आणि बाजूला झाली.

तेवढ्यात वृषाली पुढे आली. ही पुण्याची पोरगी, झाडांचा अभ्यास करायला वर्षभर आमच्या गावात राहिलेली. राईत वीस आणि माझ्या रानात वीस झाडांना तिनं पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या, स्प्रिंग लावून. झाड वाढलं की पट्टी सरकते आणि किती सरकली ते ती वहीत लिहिते. पोरगी कष्टाळू होती. जळवा लागल्या तरी रडायची नाही. मला आवडायची, पण मी तसं कधी दाखवलं नाही.

"काकू, एक विचारू?" ती म्हणाली. "ही पाचही सुतं तुटली कशी?"

"झाडं वाढली, तुटली. तुझ्या शाळेत एवढं शिकवलं न्हाई?"

"पण माझ्या पट्ट्या सरकलेल्या नाहीत. तुमच्या रानात वीसपैकी एकही नाही. काही तर मागे आल्यात. राईत बघा, अंजन थांबलंय, पण जांभूळ वाढलंय, ऐन वाढलंय. एकाला नाही जमलं ते दुसऱ्यानं केलं. इथे सगळी झाडं एकाच दिवशी थांबली आहेत."

हलणाऱ्या माना थांबल्या. धोंडू गुरव माझ्याकडे बघायला लागला.

"पोरी," मी म्हटलं, "तुझी पट्टी कुठल्या बाजारातली?"

"पुण्यातून आणली."

"आनि सूत?"

तिनं वही मिटली.

"सूत माझ्या आजेसासूच्या आजेसासूपासनं चालत आलंय. ते खोटं, आनि तुझा डब्याचा पत्रा खरा व्हय? असं असंल तर उद्यापासनं वाघजाईला पत्र्याचाच निवद दाखवू."

सगळे हसले. दोन्ही गावांचे हसले. पोरगी लाल झाली. वही छातीशी धरून मागे सरली. सगुणा हसली नाही. मी पाहिलं होतं ते.

पौषात माझ्या रानात आवाज यायला लागला. खोडाला कान लावला की आत कुरकुर. बुंध्याशी पिवळा भुसा पडायचा, कुणी पीठ चाळल्यासारखा. शेंडे वाळले. पान गळायचं तेही एकदम, सगळ्या झाडांचं एकदम. कुजायचं नाही. राईतला पाला हातात घ्या, ओला लागतो, खाली गांडुळं असतात. माझ्या रानातला पाला पापडासारखा, गुडघ्याएवढा. चाललं की कडकड वाजायचा. पाखरं बसेनात. मला सगळं दिसत होतं. पण मी दिसलं असं म्हणत नव्हते.

त्याच महिन्यात सगुणानं खराटा घेतला.

रानाच्या डाव्या अंगाला आमची वाडी, गावच्या सव्विसातली अकरा घरं. खालच्या खाचरांपासून वर डोंगरापर्यंत रान आणि घरं यांच्या मधोमध ती रोज दुपारी झाडायची. पाला ओढून बाजूला करायची, झुडपं तोडायची, खालची माती उघडी करायची. दहा हात रुंद पट्टा. एकटी. कुणी विचारलं तर म्हणायची, "साप येत्यात."

मी एक दिवस तिथे गेले. "काय गं, डोंगर सारवून रांगोळी काढनार हाईस काय? कुनाचं लगीन हाय?"

"घाम काढते जरा. अंग दुखतंय."

"घाम काढायचा तर माझ्याकडं जात्यावर ये."

"यीन की," ती म्हणाली आणि झाडत राहिली.

फाल्गुनात तो पट्टा वरपर्यंत पोचला. वर टोकाला माझा शेळ्यांचा गोठा. तिथं ती झाडायला लागली तेव्हा मी घरातून तरातरा गेले.

"माझ्या गोठ्यापुढं खराटा मारायचा न्हाई."

"आक्का, पंधराच हात ऱ्हायल्यात. एका दिसाचं काम."

"दुसरीच्या हातानं दारातलं झाडून घ्यायला मी काय आंधळी झाली काय? तुझ्या दारात काय करायचं ते कर. माझ्या दारातली लक्ष्मी तू झाडू नगंस."

ती उभी राहिली. पहिल्यांदाच असं वाटलं की ती आता काही तरी बोलणार. ओठ हलले. मग खराटा खांद्यावर टाकून ती उतरून गेली.

वृषाली जायच्या आधी माझ्या ओट्यावर आली. मी तिला तांदळाची भाकरी आणि मधाचं पोळं दिलं. खाऊन झाल्यावर म्हणाली, "काकू, माझ्यावर रागवा, पण यंदा खालच्या खाचरांत राब भाजू नका. नुसती एक ठिणगी पुरेल."

"सूत तुटलंय."

"तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली. एवढंच. आणि माझ्या पाया पडून गेली. तिला काय म्हणायचं होतं ते मी पुष्कळ दिवस माझ्या सोयीनं लावून घेतलं.

चैत्रात राबाची वेळ आली. सिल्वरच्या रानाखाली सहा घरांची खाचरं. सूत तुटलं होतं म्हणजे भाजायला हरकत नव्हती. पण कुणी काडी लावेना. एक म्हणे वारा पडू दे, दुसरा म्हणे उद्या बघू. सगुणा तर गेला महिनाभर पाला डोक्यावर वाहून ओढ्यापलीकडे न्यायची. तिनं राब तिकडे रचला होता. गाव बघत होतं. बाया पाण्यावर कुजबुजत होत्या, आणि मी आले की घागरी बुडवायला लागत होत्या.

मी धोंडू गुरवाला म्हटलं, "आधी माझा राब. मग बाकीच्यांचा."

"थोरलीबाई, दोन दिस थांबा. हवा कोरडी हाय."

"सुतावर विश्वास न्हाई तुझा? आरोळी तर तूच दिलीस."

काडी मी लावली. उजाडता उजाडता, दवात, रीतीप्रमाणे वरच्या कडेनं, चार बाया हिरव्या डहाळ्या घेऊन उभ्या करून. कुणी म्हणू नये इठाबाईनं अडाणीपणा केला. पण दव कुठे होतं? मी पायानं जमीन चाचपली, तर कोरडी. तरी लावली.

राब शांत जळत होता. घटकाभर. मग खालून वारा उठला, दरीतून, सकाळी उन्हाबरोबर उठतो तसा, फक्त दोन तास आधी. एक जळतं पान उडालं. एकच. ते मी डोळ्यांनी पाहिलं. बांधावरून गेलं आणि रानाच्या कडेला पाल्यावर बसलं, पाखरू बसावं तसं.

चार डहाळ्यांनी काय होतं? आग पाल्यावरून धावली नाही, पसरली, दूध उतू जातं तशी. मग खोडांवर चढली. झाडाच्या चिरांतून पाझरून वाळलेला डिंक फटाफट फुटायला लागला. तीन हजार झाडं, सगळी एकाच वयाची, एकाच उंचीची, एकसारखीच वाळलेली. एकानं दुसऱ्याला आग द्यायला वेळच लावला नाही. कुठं ओलं खोड नाही, रुंद पान नाही, मध्ये येणारं कुणी नाही. मी जशी शिस्त लावली होती तशाच शिस्तीनं, ओळीनं जळाली.

घरांतून माणसं ओरडत बाहेर पडली. मी पाहिलं, आग डावीकडे वळली, आमच्या घरांकडे. आणि सगुणाच्या पट्ट्याला येऊन थांबली. उघड्या मातीवर तिला खायला काही नव्हतं. पुरुषांनी पलीकडून डहाळ्या मारल्या, उडून आलेल्या ठिणग्या विझवल्या. उजवीकडे ओढा आणि राई. राईच्या कडेची करवंदं होरपळली, आतल्या ओल्या पाल्यावर आग नुसती धुमसली आणि मेली. घरं वाचली. अकराच्या अकरा.

मग मला गोठा आठवला. पंधरा हात.

मी चढले. वर पोचले तेव्हा गोठ्याचं छप्पर गेलं होतं, पण शेळ्या बाहेर होत्या, दावी तुटलेली. सात शेळ्या आणि तीन करडं. गोठ्यापुढची आग विझलेली. जमीन काळी, आणि त्या काळ्यावर कुणी तरी हातांनी माती ओढल्याच्या खुणा. सगुणा डोणीपाशी बसली होती, शेळ्या जिथं पाणी पितात तिथं. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात.

"सगुणा."

"करडं समदी निघाली," ती म्हणाली. "मोजा."

"हात बघू."

"नगा बघू. आधी मोजा."

मी मोजली.

साताऱ्याच्या दवाखान्यात तिला दीड महिना ठेवली. मी तिच्याजवळ राहिले. तिला भरवलं, वेणी घातली, बाकी सगळंही केलं. ती काही बोलली नाही. मी वाट बघत होते. सासूबाई मला शिव्या द्यायच्या तेव्हा मला झोप लागायची. हिच्या गप्प बसण्यानं माझी झोप गेली.

घरी आलो त्या दिवशी तिच्या हातांच्या पट्ट्या सुटलेल्या होत्या. उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून आखडलेली. डाव्याची दोन हलायची. मी चुलीपाशी बसून तिच्यासाठी पेज ढवळत होते. ती म्हणाली, "आक्का, फळीवरची कुंकवाची पेटी काढा. उघडा."

लग्नातली लाकडी पेटी. उघडली. आरशाच्या मागच्या खणात कापडाची पुरचुंडी होती. सोडली. आत पाच तुकडे होते सुताचे.

"वढ्यात सोडली न्हाईस?"

"टोकं बघा."

मी उजेडात धरली. आपोआप तुटलेल्या सुताचं टोक पिंजलेलं असतं, मिशी फुटल्यासारखं. ही टोकं दाबलेली, चपटी होती. आणि पाचही टोकांना काळं लागलं होतं. मेणात बसलेलं, पक्कं. मला वास घ्यायचीही गरज नव्हती. माझ्या घरात चाळीस वर्षं जाळलेल्या तंबाखूची मिश्री, माझ्या दातांची.

पेज लागली चुलीवर. करपल्याचा वास आला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"दसऱ्यालाच कळलं व्हतं तुला."

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस? गावासमोर न्हाई, निदान मला. एकटीला."

सगुणानं ते हात मांडीवर एकावर एक ठेवले.

"तुमी ऐकलं असतंत?"

मी पेजेचं भांडं चुलीवरून उतरवलं.

"म्हनून झाडत बसले," ती म्हणाली. "तुमचं तोंड बंद करनं माझ्या हातात नव्हतं. पाला ओढनं व्हतं."

त्या दिवशी मी मिश्रीचा डबा चुलीत टाकला. डब्यासकट. गावाला मीच सांगितलं, पुढच्या आखितीला, राईत, सगळ्यांसमोर, सूत हातात घेऊन. कुणी शिव्या दिल्या नाहीत. धोंडू गुरव इतकंच म्हणाला, "आरोळी माझी व्हती." मी म्हटलं, आता मान सगुणाचा. सगुणा म्हणाली, "माझ्या बोटांनी गाठ बसत न्हाई." तेव्हापासून असं आहे: झाडं ती निवडते, सूत मी बांधते. दसऱ्याला धोंडूचा लेक आरोळी देतो, पण त्याआधी तुटलेलं प्रत्येक टोक मी तिच्या डोळ्यांपुढं धरते. ती बघते, मान हलवते, मग तो ओरडतो. दरवर्षी. आज सोळा वर्षं झाली, एकदाही तिनं न बघता मान हलवलेली नाही. ती बरोबर करते.

जळक्या रानात आम्ही काही लावलं नाही. राईतून पाखरांनी जे आणलं ते आलं. जांभूळ आहे, करवंद आहे, ऐन डोकं वर काढतोय. वाकडंतिकडं आहे. मला अजून ते बघायला आवडत नाही, खोटं कशाला बोलू. वृषाली दोन-तीन वर्षांनी येते, पट्ट्या बघते, माझ्या हातची भाकरी खाते. गेल्या खेपेला तिचा चेहरा बरा नव्हता. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

या दसऱ्याला कळलं. पाऊस पुन्हा तसाच, एका घासाचा. राईत शिरलो. अंजन शाबूत. ते काय नेहमीचंच. हिरड्याचं तुटलं. ऐन शाबूत. लोक चुळबुळ करायला लागले. उंबराचं तुटलं, तेही कसंबसं, सूत नुसतं धाग्यावर लोंबत होतं. राहिलं जांभूळ. दोन तुटली, दोन शाबूत. वाघजाईची राई तहानलेली निघाली असं आमच्या सासूच्या सासूनंही ऐकलेलं नव्हतं.

जांभळाजवळ मी आणि सगुणाच पुढे होतो. बाकीचे मागे, वाट अरुंद. मी सुतावर बोट फिरवलं. तट्ट होतं, पण होतं. नखानं टिचकी मारली असती तर तुटलं असतं. माझी नखं अजून मजबूत आहेत.

"आक्का," सगुणा हळूच म्हणाली, "काय म्हनतंय?"

मागून धोंडूचा लेक विचारत होता, "थोरलीबाई, काय सांगू?"

त्याला सांगू दिलं नाही. मीच वळले आणि आरोळी दिली, गावाला ऐकू जाईल अशी.

"शाबूत."

मग सगुणा वळली आणि वाट काढत खाली निघाली. मला माहीत होतं कुठे. मी तिच्यामागे गेले. तिच्या ओसरीवर दोन खराटे उभे होते. एक मी घेतला. दुसरा तिनं दोन्ही मनगटांत धरला. आम्ही ओढ्याच्या काठाला आलो तेव्हा मागे वळून पाहिलं, तर बाया आपापल्या घरांतून खराटे घेऊन येत होत्या, आणि कुणाच्याही हातात आपट्याची पानं नव्हती.